हा रोग आमचा नव्हे

घरात कुणी छातीवर हात ठेवून नुसतं "उं" केलं, तरी माझ्या दोन्ही सुना एकमेकींकडे बघतात. आता आई सुरू होणार, हे त्यांना कळतं. त्यांचं काही चुकत नाही. तापाचा पेशंट चार दिवसांत घरी जातो, बाळंतीण दहा दिवसांत जाते. पण हार्ट अटॅकचा पेशंट आमच्या काळात पाच-सहा आठवडे खाटेवर पडून असायचा. त्याला उठायची बंदी, जिना चढायची बंदी, रागवायची बंदी. मोकळीक होती ती फक्त बोलायची. मग तो बोलायचा, आणि ऐकायला मी असायची. एवढ्या वर्षांत किस्से साठणार नाहीत तर काय होणार?

धुळ्याला नर्सिंगचं ट्रेनिंग संपवून मी जळगावच्या एका खासगी दवाखान्यात लागले, ती साधारण पासष्ट-सहासष्टची गोष्ट. बारा खाटा आणि एक डॉक्टर. डॉक्टर मुंबईला शिकून आलेले, उंच आणि अतिशय कमी बोलणारे. येताना त्यांनी ईसीजीचं मशिन आणलं होतं आणि ते चालवायला मला शिकवलं होतं. हातापायांना पट्ट्या बांधायच्या, छातीला जेली लावून रबरी फुगा चिकटवायचा, बटण दाबलं की कागदाची लांब पट्टी सरसर बाहेर यायची. त्या मशिनसाठी मी स्वतःच्या हातानं कव्हर शिवलं होतं, कडेला जांभळी वेलबुट्टी काढून. लग्नातल्या शालूला मी तेवढं जपलं नसेल. लोक दवाखान्यात यायचे आणि विचारायचे, "ती मशिनवाली सिस्टर कोठे शे?" ते ऐकायला मला फार बरं वाटायचं. खोटं कशाला बोलू?

*

नरडाण्याचे सुकलाल आबा या मशिनचे पहिले भक्त. छातीत कळा येत असताना त्यांना आणलं, डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं, मी मशिन लावलं आणि पट्टी निघेपर्यंत आबांची कळ थांबली. श्रेय इंजेक्शनचं होतं. आबांनी ते मशिनला देऊन टाकलं.

घरी गेल्यावर महिन्याने ते तपासणीला आले. आले तेच सदरा काढून खाटेवर आडवे झाले आणि म्हणाले, "माय, करंट दे."

मी त्यांना समजावलं. "आबा, हे मशिन करंट देत नाही. उलट तुमच्या काळजात जो बारीक करंट असतो ना, तो घेऊन कागदावर उतरवतं."

आबा उठून बसले. त्यांनी सदरा परत अंगात घातला.

"मंग मी कसाले देऊ? मन्हाकडे आधीच कमी शे."

शेवटी डॉक्टर आले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि शांतपणे म्हणाले, "आबा, सिस्टर फक्त नमुना बघतात. जेवढा घेतात तेवढा परत सोडतात."

आबा तयार झाले. पट्टी निघाल्यावर मात्र हलेनात. परत सोडल्याशिवाय पट्ट्या काढू नको म्हणाले. मी बंद मशिनचं बटण दोनदा दाबलं, तेव्हा कुठे त्यांनी समाधानाचा श्वास सोडला.

*

एकदा शेजारशेजारच्या खाटांवर दोघेजण आले. एक दगडूनाना, धुळे तालुक्यातल्या खेड्यातले शेतकरी. जळगावला लेकीकडे आले होते, तिथेच छातीत दुखायला लागलं. पोटात गॅस झालाय म्हणून सोडा प्यायले, ओवा खाल्ला, लेकीनं पोटाला हिंग लावला, आणि तरीही थांबेना तेव्हा चालत चालत दवाखान्यात आले. दुसरे चंपालालजी, गावातले कापडाचे व्यापारी, जैन, अतिशय सभ्य माणूस.

डॉक्टरांनी नानांना सांगितलं, "तुम्हाला हार्ट अटॅक आलाय."

नानांना तो अपमान वाटला. "डाक्टर, तो शेठलोकेस्ना रोग शे. बठ्ठा दिन गादीवर बसतस, तूप खातस. मी चाळीस वरीस वावरमा राबनू. माले तो कसा व्हई?" आणि त्यांनी बाजूच्या खाटेकडे पाहिलं.

चंपालालजींना सांगितलं तेव्हा त्यांनी हात जोडले. "डॉक्टरसाब, तपासण्यात काही चूक होतेय. आमच्यात बिडी नाही, तंबाखू नाही, कांदा-लसूणसुद्धा नाही. सूर्य बुडाल्यावर अन्नाचा कण नाही. हा रोग बिडी ओढणाऱ्यांचा." आणि त्यांनी दगडूनानांच्या खाटेकडे पाहिलं.

दोन दिवसांत दोघांनीही मला वेगवेगळं बोलावून खाट बदलून मागितली. शेजाऱ्याचा रोग आपल्याला लागेल अशी दोघांना भीती.

तिसऱ्या दिवशी डॉक्टर राउंडला आले ते हातात ईसीजीच्या तीन पट्ट्या घेऊन. वरची नावं कापलेली. दोघांच्या मधल्या स्टुलावर त्यांनी त्या मांडल्या आणि म्हणाले, "यातली आपापली ओळखा."

नाना बराच वेळ बघत होते. मग त्यांनी मधल्या पट्टीवर बोट ठेवलं. "ही मन्ही. देखा ना, कशी ताकद शे हिनामा."

चंपालालजींनी चष्मा लावला, तिन्ही पट्ट्या कापडाचा पोत बघावा तशा बघितल्या आणि त्यांनीही मधलीच निवडली. "ही आमची. चाल कशी एकसारखी आहे."

"मधली सिस्टरांची आहे," डॉक्टर म्हणाले. "मशिन तपासायला काढली होती. उरलेल्या दोन तुमच्या. त्यातली कुणाची कोणती, हे नाव वाचल्याशिवाय मलाही सांगता येणार नाही."

संध्याकाळी मी औषध द्यायला गेले तर नाना चंपालालजींना सांगत होते की कपाशीला पाणी कधी द्यावं, आणि चंपालालजी मन लावून ऐकत होते. दुसऱ्या दिवशी नानांनी उशाचं बिडीचं बंडल माझ्या हातात दिलं. म्हणाले, "फेकी दे." ते काही मशिनला घाबरले नव्हते. शेठसमोर हलकं दिसायचं नव्हतं त्यांना.

*

बिडी सुटली, पण तूप सुटेना. चंपालालजींच्या पत्नी, सुंदरबाई, सकाळी डबा घेऊन यायच्या. दालबाटी, आणि बाटी तुपात बुडालेली, म्हणजे अक्षरशः बुडालेली. डॉक्टरांनी मना केलेलं होतं. मी डबा परत पाठवला की त्यांच्या डोळ्यांत पाणी यायचं.

"सिस्टर, माणूस आधीच अशक्त झालाय. तूप नाही दिलं तर शक्ती कुठून येणार?"

थंडीचे दिवस होते. जळगावचा उन्हाळा सगळ्यांना माहीत असतो, पण इथली डिसेंबरची सकाळही बोटं आखडवते. वॉर्डाच्या टोकाला भांडी घासायची मोरी होती, ती एके दिवशी तुंबली. मावशींनी काठी घालून बघितलं, तर नळीत पांढरं थिजलेलं तूप. आठवडाभर परत जाणाऱ्या डब्यांतलं तूप सुंदरबाई तिथेच ओतत होत्या.

मी त्यांना हाताला धरून मोरीपाशी नेलं. "बघा. ही नळी माझ्या अंगठ्याएवढी आहे आणि तुंबली. शेठजींच्या काळजाची नळी गव्हाच्या काडीएवढी असते."

सुंदरबाईंनी वाकून बघितलं. मान खाली घालून घरी गेल्या. मला स्वतःचाच अभिमान वाटला. डॉक्टरांना पंधरा दिवसांत जे जमलं नाही ते मी एका मोरीवर करून दाखवलं.

दोन दिवसांनी त्या डबा घेऊन आल्या, चेहरा एकदम प्रसन्न. झाकण काढलं तर बाटी पुन्हा बुडालेली.

"हे तूप नाही," त्या म्हणाल्या. "शेंगदाण्याचं तेल आहे. वाटीभर रात्रभर अंगणात ठेवून बघितलं. अजिबात गोठत नाही."

मी तो डबा तसाच डॉक्टरांच्या टेबलावर नेऊन ठेवला आणि सगळं सांगितलं. डॉक्टर हसले. मी त्यांना हसताना बघितलं ते बहुतेक त्या वर्षी पहिल्यांदाच. मग ते स्वतः उठून सुंदरबाईंकडे गेले आणि म्हणाले, "बाई, नातेवाईक माझं ऐकतात किंवा ऐकत नाहीत. प्रयोग करून बघणाऱ्या तुम्ही पहिल्या." त्यांना समोर बसवून त्यांनी अर्धा तास सगळं समजावलं. त्या दिवसापासून डब्यात कोरडी बाटी आणि वर मोजून एक चमचा. सुंदरबाई तो चमचा पदरात बांधून आणायच्या, दुसरा मोठा चमचा कुणी वापरू नये म्हणून.

*

रामभाऊ एसटीचे ड्रायव्हर. धुळे-जळगाव गाडी चालवायचे. पारोळा सोडल्यावर त्यांच्या छातीत दुखायला लागलं, डावा हात भरून आला, सदरा घामानं भिजला. त्यांनी गाडी हळूच कडेला घेतली, हँडब्रेक ओढला आणि कंडक्टरला सांगितलं, "स्टेअरिंग फार जड झालंय. दहा मिनिटं थांबू."

दहा मिनिटांनी कळ कमी झाली. कंडक्टर म्हणाला, मागून येणाऱ्या गाडीत पाशिंजर बसवू. रामभाऊंनी ऐकलं नाही. बायाबापड्या, लेकरं, कुणाचं लग्न, कुणाची कोर्टाची तारीख. एरंडोलला पुन्हा थांबले, पाणी प्यायले, आणि बैलगाडीच्या वेगानं गाडी जळगाव स्टँडवर आणून लावली. शेवटचा माणूस उतरल्यावर त्यांनी गाडीच्या दोषांच्या रजिस्टरमध्ये लिहिलं, "स्टेअरिंग जड. छातीवर ताण येतो." सही केली आणि मग दवाखान्यात आले.

अटॅक मोठा होता. पहिले दोन दिवस डॉक्टर त्यांच्या खाटेपासून लांब गेले नाहीत. मीही घरी गेले नाही. पण शुद्धीत असले की रामभाऊ एकच सांगायचे. "सिस्टर, मला काही झालेलं नाही. त्या गाडीचं स्टेअरिंग बघायला सांगा. उद्या दुसरा ड्रायव्हर बसेल तिच्यावर, त्याच्या छातीत दुखेल."

पाचव्या दिवशी डेपोतले मेकॅनिक भेटायला आले. पान्याच्या तेलानं काळे झालेले हात त्यांनी पायजम्याला पुसले आणि खाटेजवळ उभे राहिले.

"रामभाऊ, गाडी पूर्ण खोलून बघितली. दोनदा चालवून बघितली. स्टेअरिंग लोण्यासारखं आहे."

रामभाऊंनी डोळे मिटले. मग विचारलं, "रजिस्टरमध्ये काय लिहिलं?"

"गाडीत दोष नाही, असं लिहिलं."

"मग दोष माझ्यात आहे," रामभाऊ म्हणाले. ही गोष्ट त्यांनी डॉक्टरांकडून मानली नव्हती, ईसीजीकडून मानली नव्हती. मेकॅनिकच्या शब्दावर मानली. त्यानंतर जे सांगू ते निमूट करायचे. पुढे त्यांना डेपोत बसून करायचं काम मिळालं. नव्या ड्रायव्हरांना ते आपला किस्सा सांगायचे, आणि त्याचा शेवट नेहमी एकच असायचा. "एकाही पाशिंजरला हिसका बसला नाही."

*

आता माझ्या स्वतःच्या अभिमानाचा किस्सा सांगते. कुणी नाक मुरडलं तरी चालेल.

नशिराबादचं एक मोठं शेतकरी कुटुंब दुपारी दवाखान्यात आलं. आजारी होते म्हातारे, खोकल्याने. सोबत तीन मुलगे आणि म्हाताऱ्यांची बायको, गंगूअक्का. डॉक्टर म्हाताऱ्यांना तपासत होते. अक्का बाहेर बाकावर बसल्या होत्या, गालाला फडकं बांधून. मी विचारलं, काय झालं? तर म्हणाल्या, चार दिवस जबडा दुखतोय. दाताच्या डॉक्टरने दात काढला, तरी दुखणं जात नाही. चढ चढला की जास्त दुखतं.

दाताला चढ काय कळणार? मी त्यांच्या हाताला हात लावला तर तो थंडगार आणि ओला. मी त्यांना आत नेलं आणि डॉक्टरांना न विचारता मशिन लावलं. असं मी आधी कधीच केलं नव्हतं.

मधला मुलगा आत डोकावला. "सिस्टर, पेशंट तिकडे आहेत. ही आमची आई."

"मला माहीत आहे."

"बायांना कुठे हार्टचा आजार असतो?"

पट्टी बाहेर येत होती. मी ती हातातच धरून डॉक्टरांकडे गेले. ते आधी रागावले, पेशंट मध्येच सोडायला लावला म्हणून. मग त्यांनी पट्टी बघितली. खुर्ची मागे सरकवून ते धावत गेले. त्यांना धावताना मी तेव्हाच बघितलं.

अक्का वाचल्या. पाच आठवडे खाटेवर होत्या. पहिले आठ दिवस त्यांना वाटायचं, दात काढताना नस ओढली गेली. नंतर एकदा मला म्हणाल्या, "लग्न होऊन आले तेव्हापासून एवढी झोपले नव्हते ग माय. बाळंतपणातसुद्धा नाही. अटॅक म्हणतात तो वाईट असेल, पण हे झोपायचं औषध चांगलं आहे."

घरी जायच्या दिवशी डॉक्टर मुलांना सगळं सांगत होते. अक्कांनी मला जवळ बोलावलं. "विहिरीचं पाणी ओढू नको म्हणाले ना डॉक्टर? ते कागदावर लिहून द्यायला सांग. तोंडी सांगितलेलं आमच्या घरात कोणी ऐकत नाही."

डॉक्टरांनी आपल्या लेटरहेडवर मराठीत, मोठ्या अक्षरात लिहिलं, "गंगूअक्कांनी पाणी भरू नये." खाली सही केली, शिक्का मारला.

वर्षभराने एका लग्नाला मी नशिराबादला गेले, तेव्हा त्यांच्याकडे डोकावले. देवाच्या फोटोंच्या ओळीत तो कागद काचेच्या फ्रेममध्ये लावलेला होता. बाहेर मधला मुलगा विहिरीवर दोर ओढत होता. अक्का ओट्यावर बसून त्याला सांगत होत्या, "घागर भरून आण. अर्धी नको."

*

शेवटी अमळनेरच्या गुरुजींचं सांगते.

गुरुजी हायस्कुलात गणित शिकवायचे. पत्नी आधीच वारलेल्या, एकुलती एक मुलगी, कुसुम. तीही शिक्षिका. एका सोमवारी पहाटे गुरुजींना अटॅक आला आणि दुपारपर्यंत त्यांना आमच्याकडे आणलं. ॲडमिट करताना मीच विचारलं, दुखणं कधीपासून? ते म्हणाले, "आज पहाटेपासून." मी केसपेपरवर तसं लिहिलं.

संध्याकाळपर्यंत कुसुमचे काका, आत्या, मामा सगळे जमले आणि मला खरी गोष्ट कळली. आदल्या दिवशी, रविवारी, कुसुमने वडिलांना सांगितलं होतं की तिला तिच्या शाळेतल्या एका मास्तरांशी लग्न करायचं आहे. मुलगा दुसऱ्या जातीचा. आणि सोमवारी पहाटे अटॅक. आता पुरावा आणखी काय हवा?

"पोरीनं बापाला अटॅक आणला," आत्या व्हरांड्यात बसून येणाऱ्या प्रत्येकाला सांगायच्या. तीन दिवस कुसुम वॉर्डात आली नाही. ती दवाखान्याच्या पायरीवर बसायची. मी जेवायला बोलावलं तर म्हणायची, "सिस्टर, माझ्यामुळे झालं का हो?" मी सांगायची, असं एका दिवसात होत नसतं, वर्षानुवर्षं साठत आलेलं असतं. ती मान हलवायची. पण तिने काकांना सांगून टाकलं होतं की लग्नाचा विषय आता संपला.

हे सगळं गुरुजींच्या कानावर गेलं होतं. आत्यांचा आवाज खिडकीतून आत येत होता.

चौथ्या दिवशी दुपारी त्यांनी मला हाक मारली. "सिस्टर, केसपेपरवर दुखणं कधीपासून लिहिलंय?"

"सोमवार पहाट."

गुरुजी छताकडे बघत म्हणाले, "तेव्हा मी घाबरलेलो होतो. आता नीट आठवतं. शनिवारी शाळेचा जिना चढताना पहिल्यांदा दुखलं. शनिवारीच. आणि सिस्टर, डॉक्टर राउंडला आले की सगळ्यांना आत बोलवा. कुसुमलासुद्धा."

मी त्यांच्याकडे बघितलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. माझं सगळं आयुष्य कागद नीट ठेवण्यात गेलं, त्यावर आधी काही खोडलं नव्हतं, नंतरही नाही. डॉक्टरांच्या बुटांचा आवाज जिन्यावर आला तेव्हा माझ्या हातात दौत आणि टाक होता.

सगळे खाटेभोवती उभे राहिले. कुसुम दाराशी.

"डॉक्टर," गुरुजी वर्गात बोलावं तशा स्वच्छ आवाजात म्हणाले, "माझं दुखणं कधी सुरू झालं ते या मंडळींना वाचून दाखवा."

डॉक्टरांनी केसपेपर उघडला. क्षणभर त्यावर नजर ठेवली. "शनिवार," ते म्हणाले. "जिना चढताना."

"आणि कुसुमने मला सांगितलं रविवारी," गुरुजी म्हणाले. "शनिवारनंतर रविवार येतो. ताई, हे गणित चौथीतल्या पोरालाही येतं."

कुसुम पुढे आली आणि वडिलांच्या पायापाशी, खाटेच्या कडेला बसली. गुरुजींनी तिला विचारलं, "ते मास्तर कोणता विषय शिकवतात?"

"भूगोल," ती म्हणाली.

"चालेल," गुरुजी म्हणाले.

मी डॉक्टरांच्या मागोमाग बाहेर आले. व्हरांड्यात ते थांबले, केसपेपर माझ्या हातात दिला आणि आपला उजवा अंगठा माझ्यासमोर धरला. अंगठा निळा झाला होता.

"सिस्टर," ते म्हणाले, "शनिवार अजून वाळायचा आहे." आणि पुढच्या पेशंटकडे गेले.